चुन्याच्या निवळीत

प्रल्हाद कुंभोजकरनं डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, आत बोट बुडवलं आणि ते बोट हौसाक्कांच्या नाकासमोर धरलं. पूड जवळजवळ काळी दिसत होती. मग त्यानं तेच बोट पाण्यात भिजवून पांढऱ्या कागदावर एक रेघ ओढली. खरं सांगायचं तर मीसुद्धा हातातली परात खाली ठेवून बघत राहिले.

"अगं बया," हौसाक्का म्हणाल्या, "ह्यो तर मोराच्या मानंचा रंग!"

"प्रशियन ब्लू," प्रल्हाद म्हणाला. "मुंबईहून आणलाय. चिमूटभर टाकला तर घागरभर पाणी निळं होईल. विष्णूचं अंग आणि मागचा सगळा समुद्र मी यातच करणार."

ही गोष्ट एकोणीसशे चौसष्ट सालची, पौष महिन्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत आणि त्यांचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. वारणाकाठचं गाव, एवढं पुरे. तिथल्या देवळाचा सभामंडप नवा बांधला होता आणि त्यातली पंधरा हात लांब भिंत हौसाक्का आपल्या वारलेल्या मालकांच्या नावानं रंगवून देणार होत्या. हौसाक्का साठीच्या. कमरेला पानतंबाखूची चंची, आणि आवाज असा की उसाच्या फडात उभ्या राहून बोलल्या तर पलीकडच्या बांधावरचा गडी वळून बघेल. शेषशायी विष्णू काढायला त्यांनी मुंबईचा, पदक मिळालेला चित्रकार बोलावला होता. भिंत तयार करायला मात्र मी होते. चित्र पेलेल असा चुन्याचा गिलावा करणारं त्या पंचक्रोशीत एकच घर उरलं होतं. त्या घरातले रामलिंग मेस्त्री, म्हणजे माझे आबा, दीड वर्षापासून उजवी बाजू गेल्यामुळे अंथरुणावर होते.

प्रल्हाद मला 'अनसूयाबाई' म्हणत होता. लोकांसमोर अगदी परक्यासारखा. हाच माणूस अठराव्या वर्षी आमच्याकडे आला आणि सहा वर्षं माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन राहिला. मी त्याला प्रल्हाददादा म्हणायचे. आबांनी त्याला ब्रश कसा धरायचा इथपासून शिकवलं. मग तो मुंबईला गेला, तिथल्या शाळेत शिकला, पदक मिळवलं आणि एका मासिकात त्याची मुलाखत आली. 'तुमचे गुरू कोण?' या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं, 'तसं कुणी नाही. लहानपणी गावाकडे एका रंगाऱ्याच्या घरात खोली घेऊन राहत होतो, एवढंच.' ते मासिक आबांना न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं. दुकानात पाच-सहाजण होते. आबा अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आले. दोन महिन्यांनी त्यांना झटका आला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. डॉक्टरांना काय माहीत?

तेव्हापासून मला प्रल्हादकडून एकच गोष्ट हवी होती. आबा जिवंत असताना, याच मुलखातल्या लोकांसमोर, त्याच्या तोंडून निघायला हवं होतं की मी रामलिंग मेस्त्रींचा चेला आहे. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते. हौसाक्कांच्या माणसानं 'भिंत करशील का' म्हणून विचारलं तेव्हा चित्रकाराचं नाव ऐकूनच मी हो म्हटलं होतं.

"अनसू," हौसाक्का माझ्याकडे वळल्या, "मेस्त्री कुठला निळा लावायचं गं?"

मी पिशवीतून आबांची पुडी काढली. अल्ट्रामरीनची पूड. उजळ, किंचित जांभळट. त्या काळ्या-निळ्याशेजारी ती बिचारी फिकीच दिसली. प्रल्हादनं चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि हसला.

"ही? ही तर धोब्याची नीळ. आक्का, तुम्ही धोतराला लावता ना, तीच. जरा बारीक दळलेली. ही देवाच्या अंगाला लावू?"

खोटं बोलत नव्हता तो. कपड्यांची नीळ आणि आबांची पूड एकाच जातीची. आबा स्वतःच सांगायचे, "नीळच हाय, पर गुणाची हाय."

"एक लिंबू मिळेल का?" प्रल्हादनं विचारलं.

देवळाच्या गुरवानं लिंबू आणून दिलं. प्रल्हादनं कागदावर दोन रेघा ओढल्या, एक त्याच्या निळ्याची आणि एक आमच्या निळ्याची, आणि दोन्हींवर लिंबू पिळलं. थोड्याच वेळात आमची रेघ पांढुरकी पडायला लागली आणि नासक्या अंड्याचा वास सुटला. हौसाक्कांनी नाकाला पदर लावला. प्रल्हादची रेघ जशीच्या तशी होती.

"हे देऊळ आहे," तो म्हणाला. "अभिषेक, दही, पंचामृत, आंबट हात भिंतीला लागणारच. माझ्या निळ्याला आंबट काही करू शकत नाही."

"आन चुन्याचं काय?" हौसाक्कांनी विचारलं. बाई अडाणी होती, पण नेमकं विचारलं. "भित चुन्याची हाय नव्हं."

"आक्का, दिवाळीला घराला चुना काढता तेव्हा त्यात काय घालता?"

"नीळ की. पांढरा उजळतोय."

"टिकते ना?"

"वरीसभर टिकतीया."

"मग? धोब्याची नीळ जर चुन्यात टिकते, तर हा का नाही टिकणार?"

हौसाक्कांना पटलं. कुणालाही पटलं असतं. निळा तो निळाच, असं माणसाला वाटतं. पण दोन निळ्यांत भावकीसुद्धा नसते. जो आंबटाला भितो तो चुन्यात मजेत राहतो, आणि जो आंबटाला दाद देत नाही त्याला चुना खातो. हे मला पुढं कळलं, पण नवा रंग आधी चुन्यात तपासून बघायचा, एवढं तरी प्रल्हादला आमच्या घरात राहून ठाऊक असायला हवं होतं.

"काय अनसूयाबाई?" त्यानं मला विचारलं. "तुमचं काय मत?"

"मी भित करणारी," मी म्हणाले. "रंगातलं तुमास्नी म्हाईत."

त्या वेळी मला खात्री नव्हती, एवढं माझ्या बाजूनं सांगते. प्रशियन निळा आबांनी कधी घरात आणलाच नव्हता. पण आबांची एक रीत होती. कुठलाही नवा रंग, अगदी नेहमीच्या दुकानातून आलेला नवा पुडासुद्धा, भिंतीला लावायच्या आधी चुन्याच्या निवळीत, म्हणजे चुना तळाला बसल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, बसवायचा. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत निवळी घ्यायची, तळाला बोटभर चुना राहू द्यायचा, त्यात चिमूटभर रंग टाकायचा आणि दोन दिवस वाटी हलवायची नाही. रंग राहिला तर भिंतीचा, गेला तर कागदाचा. प्रल्हाद आमच्याकडे होता तेव्हा वाट्या मांडायचं काम त्याचंच होतं. तो वैतागायचा. 'रोज काय ह्या वाट्या! शास्त्र कुठं गेलंय आणि आपण कुठं!' असं माझ्यापाशी बोलायचा. आबांपुढे बोलायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी त्याचा निळा मी पाट्यावर घोटून दिला होता. हाताला, नखांत, सगळीकडे तोच. घरी येऊन मी तो हात निवळीच्या वाटीत धुतला आणि वाटी परसात झाकून ठेवली.

"निळा कुठला लावतोय त्यो?" आबांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांचा एकेक शब्द ओढून बाहेर यायचा.

"अजून ठरलं न्हाई," मी म्हणाले.

सकाळी झाकण काढलं. निळा नव्हता. वाटीच्या तळाला चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ बसला होता. मी काडीनं हलवून बघितलं, कुठं निळा कण दिसतो का. एकही नाही. त्या रंगात म्हणे लोखंड असतं. चुना निळेपण खातो आणि गंज मागे ठेवतो.

वाटी हातात घेऊन मी परसात उभी होते. आत आबा खोकत होते. वाटी त्यांना दाखवावी असं मनात आलं, आणि मी ती कढीलिंबाच्या बुडात ओतली. तरीही देवळाकडे जाताना वाटलं, सांगावं त्याला. भिंत हौसाक्कांची, देव गावाचा. सांगावं आणि बदल्यात त्याच्याकडून ते एक वाक्य मागून घ्यावं. खरंच सांगितलं असतं की नाही, ते आता मलाही ठामपणे म्हणता येणार नाही. पण मनात होतं.

देवळात गेले तर प्रल्हादनं भिंतीवर खाका लावलेला होता. खाका म्हणजे चित्राच्या रेघांवर सुईनं भोकं पाडलेला कागद. तो भिंतीवर धरून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्याठिपक्यांनी चित्र भिंतीवर उतरतं. पंधरा हात लांब कागद होता, जोडजोडून केलेला. शेषाचे वेटोळे, त्यावर पहुडलेला देव, पायाशी लक्ष्मी. उजव्या कोपऱ्यात कागद फाटला होता आणि तिथं मागून ठिगळ लावलेलं होतं. एकरेघी वहीचं पान. त्यावर पाढे होते. अक्षर माझं होतं, चौथीतलं.

आबांनी तो खाका बारा वर्षं केला होता. देवाचं मनगट पाच वेळा पुसून काढलं होतं. एवढी मोठी भिंत त्यांना आयुष्यात कुणी दिली नाही, म्हणून तो गुंडाळून माळ्यावर होता. प्रल्हाद मुंबईला गेल्यावर तो सापडेना तेव्हा आबा म्हणाले होते, "ऱ्हायला आसंल कुठंतरी." त्यांनी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

"सुंदर उतरलंय ना?" प्रल्हाद म्हणाला. "माझा जुना खाका आहे. विद्यार्थीदशेतला."

माझ्या चौथीच्या पाढ्यांसमोर उभा राहून हे बोलला तो. त्या क्षणी मी ठरवलं, की आता याला सांगायचं नाही. मग काय व्हायचं ते होवो.

"झ्याक उतरलंय," मी म्हणाले आणि पुरचुंडी हातात घेऊन त्याला कोळसा आपटायला मदत केली.

भिंतीत मी कसलीही खोट ठेवली नाही, हेही सांगते. चुना चार महिने भिजवलेला होता, वाळू सात पाण्यांनी धुतलेली होती, शेवटचा हात मी गुडघ्यावर बसून कौलाच्या तुकड्यानं घोटला होता. भिंतीवर गाल ठेवला तर गार काचेवर ठेवल्यासारखा वाटावा. प्रल्हादचं नुकसान करायला मला भिंत बिघडवायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते काम मी फार मन लावून केलं.

तीन आठवडे मी त्याला तो निळा घोटून दिला. त्यानं तो सरसात कालवून लावला. सरस मध्ये असल्यामुळे चुना त्याच्यापर्यंत लगेच पोचत नव्हता. पातळ लावला की पाण्यासारखा दिसायचा, थरावर थर दिले की तळ नसलेल्या विहिरीसारखा. पांढऱ्यात थेंबभर पडला तर सगळा पांढरा निळा व्हायचा, इतकी त्याची सत्ता. प्रल्हाद शिडीवरून खाली उतरून मागे मागे जात चित्र बघायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा. आणखी थोडा, मी मनात म्हणायचे. अजून एक थर दे, दादा.

घरी आबा रोज विचारायचे. चौथ्या दिवशी मी सांगून टाकलं, "तुमचाच निळा लावतोय." ते ऐकून आबांचा चेहरा इतका उजळला की मला उठून चुलीपाशी जावं लागलं.

माघी उत्सवात भिंतीवरचा पडदा काढला. लोकांनी हात जोडले. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. हौसाक्कांनी प्रल्हादला फेटा बांधला. खाली कोपऱ्यात त्यानं सही केली होती, नाव, त्यापुढे पदवी, त्यापुढे साल. मीही हात जोडले. देवाला नाही, आबांच्या रेघांना.

दीड-दोन आठवड्यांनी गुरव सांगत आला की देवाच्या पायाशी डाग पडलाय. मग गुडघ्यापर्यंत. मग समुद्र गढूळ झाला. चैत्र लागला तेव्हा शेषावर गुळाच्या ढेपेच्या रंगाचा देव झोपलेला होता आणि त्याच्या गळ्यापाशी टिचभर निळा शिल्लक होता. कुणी म्हणालं देव कोपला, कुणी म्हणालं कुणाचा तरी विटाळ झाला. मी रोज जाऊन बघून यायचे. खोटं कशाला बोलू? मला झोप छान लागायची त्या दिवसांत.

हौसाक्कांनी प्रल्हादला तार करून बोलावलं. सकाळची दहाची वेळ, सभामंडपात शंभरएक माणूस. प्रल्हाद भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याचं तोंड पडलं. क्षणभरच. मग त्यानं नखानं एक खपली काढली, दोन बोटांत चुरली आणि वळला.

"चुना," तो म्हणाला. "चुना वाईट आहे. नीट विझवलेला नाही. असल्या भिंतीवर कुठलाही रंग जळेल. मी चित्रकार आहे आक्का, गवंडी नाही. भिंत या बाईंनी केली."

शंभर डोकी माझ्याकडे वळली. एवढं सगळं मी मनात घोटलं होतं, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. चुन्याला बोल म्हणजे आबांना बोल. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

"चुना आबांच्या रीतीनं केलाय," मी म्हणाले. "चार म्हैनं भिजवून."

"आबांची रीत!" तो हसला. "त्या जुन्यापान्या रीतींमुळेच हे झालंय."

मी हौसाक्कांकडे वळले. आवाज अगदी मऊ ठेवला.

"आक्का, माजा चुना वाईट म्हनत्यात तर ऱ्हाऊ दे माजा. तुमच्या चंचीतला द्या. तुमी तर खाताय त्यो. आन सायबांच्या डब्यातला उरलेला निळा आना. दोन वाट्या घ्या. एकीत त्यांचा निळा, एकीत कपड्याची नीळ."

गुरवानं देवळातच राहिलेला डबा, नीळ आणि वाट्या आणल्या. हौसाक्कांनी स्वतःच्या हातानं डबीतला चुना दोन्हींत कालवला, स्वतःच्या हातानं रंग टाकले आणि वाट्या नंदीच्या पाठीवर ठेवल्या. "आता बसा समदी," त्या म्हणाल्या. "बगू."

बसलो. प्रल्हाद मात्र उभा होता. पाव तास गेला असेल. एका वाटीतला निळा मळायला लागला होता, आणि तो तिकडे बघत नव्हता.

"हे असले गावठी प्रयोग करून काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला. "चुना ओळखायला अनुभव लागतो."

आणि मी तोंड उघडलं. हेच मी आयुष्यात सगळ्यात चांगलं केलेलं काम.

"सायबास्नी चुन्यातलं कसं कळावं, आक्का?" मी म्हणाले. "त्येंचा काय दोष? ते आमच्याकडं नुसती खोली घिऊन ऱ्हात हुते. मासिकात छापून आलंय तसं. चुन्याला हात कुठं लागलाय त्येंचा! मुंबईत कागदावर शिकल्यात."

लोकांत कुणीतरी फिसकन हसलं. तेवढंच हवं होतं. प्रल्हादच्या कानशिलावरची शीर फुगली, आणि इतकी वर्षं घासूनपुसून केलेली त्याची मुंबईची बोली एका झटक्यात गळून पडली.

"मला चुना कळत न्हाई?" तो ओरडला. "मला? सहा वर्सं रामलिंग मेस्त्रींच्या हाताखाली चुना मळलाय म्या! हाताची सालपटं निघाली हुती! त्यांनी मला चुना शिकवला, रंग शिकवला, रेघ शिकवली! ह्या पोरीच्या आधी शिकवलं मला! आन तू मला चुना सांगतीस?"

मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे. आपण काय बोललो ते त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

हौसाक्का उठल्या, नंदीपाशी गेल्या आणि दोन्ही वाट्या लोकांना दिसतील अशा धरल्या. एकीत नीळ होती तशी निळी. दुसरीत गंज.

"सा वर्सं शिकलास म्हनतोस," त्या म्हणाल्या. "मंग रंग आदी चुन्यात घालून बगायचं शिकवलं न्हवतं व्हय मेस्त्रीनी?"

प्रल्हादनं मान खाली घातली, आणि ती तशी घातलेली मला आजही दिसते. दिसली की बरं वाटतं.

लोक बोलायला लागले. 'मेस्त्रीचाच चेला निघाला की', 'मंग खोली घेऊन काय म्हनत हुता', असं मागून ऐकू येत होतं. मला वाटलं, संपलं. मी घरी पळत सुटणार होते. तेवढ्यात हौसाक्कांनी वाट्या खाली ठेवल्या.

"अनसू. थांब." त्या जवळ आल्या. "तुला ह्ये आज कळलं, का आदी ठावं हुतं?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं. पण आज कळलं म्हणजे रामलिंग मेस्त्रींच्या पोरीनं रंग निवळीत न बसवताच भिंतीवर जाऊ दिला. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

"आदी ठावं हुतं," मी म्हणाले. "तुमी कागद बगितला त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"त्यानं बोलावं म्हनून."

हौसाक्का ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तुजं भांडान त्याच्याशी," त्या हळू म्हणाल्या. "भित माज्या मालकाच्या नावाची हुती. म्या काय केलं हुतं तुजं?"

त्यांनी आम्हा दोघांनाही पुन्हा देवळात पाऊल ठेवू नका म्हणून सांगितलं. आठ दिवसांत भिंत खरवडून पांढरी केली. त्यानंतर वारणाकाठच्या एकाही देवळानं मला भिंत दिली नाही. पुढं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले.

पण त्या दिवशी मला यातलं काही सुचत नव्हतं. मी धापा टाकत घरी आले. आबा उशीला टेकून बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं, की शंभर माणसांसमोर प्रल्हाद म्हणाला, सहा वर्षं रामलिंग मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो.

"काय म्हनाला?"

मी पुन्हा सांगितलं. चुना शिकवला, रंग शिकवला, रेघ शिकवली. आबांनी ते तीनदा वदवून घेतलं. त्यांचा डावा डोळा वाहत होता, उजवा कोरडाच. डावा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. मी दीड वर्ष याचसाठी जगले होते.

मग त्यांनी विचारलं, "पर त्यो आपसूक कसा बोलला?"

मी सगळं सांगितलं. लिंबू, वाटी, खाका, डाग. काहीच लपवलं नाही. मला वाटत होतं ते हसतील. ऐकता ऐकता त्यांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला आणि गोधडीवर गेला.

"मला म्हनालीस माजाच निळा लावतोय."

"व्हय."

"वाटी मला का न्हाई दावलीस?" शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागत होता. "म्या निरोप धाडला असता त्याला. लावू नगं म्हनून."

"ठावं हाय, आबा," मी म्हणाले. "म्हनूनच न्हाई दावली."

ते त्यानंतर चार वर्षं जगले. माझ्या हातचं जेवले, माझ्या हातचं औषध घेतलं, पाय चेपून घेतले. हवापाण्याचं, शेजारपाजाऱ्यांचं सगळं बोलायचे. रंगाबद्दल मात्र ते माझ्याशी पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलं तर भिंतीकडे तोंड करायचे.

त्याचं मला फार वाईट वाटतं. प्रल्हादचं आजही वाटत नाही.